आकडा चावत नाही

स्वयंपाकघरात स्टीलचा पेला पडला आणि फरशीवर घरंगळत राहिला, तो आवाज ममतानं ऐकला होता. ऐकूच आला नाही असं तिला नंतर सांगता आलं असतं, आणि कुणी तसं विचारलंही नाही. पण तिनं तो ऐकला होता. पेला पडला, असं तिच्या मनात स्पष्ट आलंही. त्या वेळी ती हॉलमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली होती आणि मोबाइलवर बाजार कोसळत होता. निवडणुकीच्या निकालाचा दिवस. कोपऱ्यातला टीव्ही आवाज बंद करून ठेवलेला, त्यावर माणसं तोंडं हलवत होती, आणि तिच्या हातातल्या काचेवर हिरवं असं काही उरलंच नव्हतं. बाजार फार खाली जाणार नाही, या अंदाजावर तिनं आदल्या दिवशी पैसे लावले होते. तो खाली चालला होता. जिन्यावरून पाय घसरलेला माणूस जसा एकेका पायरीवर आपटत खाली येतो तसा. कुठल्या पायरीवर आपण उडी मारून बाजूला व्हायचं हे तिनं सकाळीच ठरवलेलं होतं. ती पायरी आली. तिनं अर्धा सौदा तोटा घेऊन तोडला. मग पेला पडला. मग तिनं उरलेला अर्धा तोडला, तो तुटल्याची खूण येईपर्यंत थांबली, मोबाइल पालथा ठेवला आणि उठली. पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

तिच्या सासूबाई, दगूबाई, ओट्याला टेकून खाली बसलेल्या होत्या. सांडलेलं ताक त्यांच्या लुगड्याच्या काठापर्यंत आलं होतं. तोंड उजवीकडे ओघळल्यासारखं झालं होतं आणि उजवा हात मांडीवर असा पडला होता, की जणू कुणी आपली वस्तू तिथं विसरून गेलं आहे. ममता त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "आई, काय व्हयनं? हात वर करा बरं. दोन्ही करा." डावा हात उठला. उजवा उठला नाही. "तुमचं नाव सांगा." सासूबाईंच्या तोंडातून जो आवाज आला त्यात नाव नव्हतं, कुठलंच अक्षर नव्हतं. डोळे मात्र ममताच्या चेहऱ्यावर होते. ममतानं घड्याळाकडे पाहिलं, गॅस बंद केला, खालच्या मजल्यावरच्या फाल्गुनीला फोन लावला. "मयंकभाईंची गाडी आहे का घरी? आईंना झटका आलाय. वर या, दोघंही या. खुर्ची आणा, बिनहाताची." बिनहाताची म्हणजे लिफ्टमध्ये मावेल, हाही विचार तिनं केला होता. फाल्गुनी वर आली ती दारातच तोंडावर हात ठेवून उभी राहिली, "हे भगवान, हे भगवान," एवढंच तिला येत होतं, आणि ममता तिला सांगत होती, "पाय धर. नाही, असे नाही. गुडघ्याखाली हात घाल."

गाडीत दगूबाईंचं डोकं तिनं आपल्या मांडीवर घेतलं. धुळे रस्त्यावर जूनचं ऊन पांढरं पडलं होतं, मयंक सारखा हॉर्न वाजवत होता आणि पुढं एक चाऱ्याची ट्रॉली हलायला तयार नव्हती. फाल्गुनी पुढच्या सीटवर रडत होती. ममताला तिच्या रडण्याचा आवाज फार दुरून, भिंतीपलीकडच्या घरातून यावा तसा येत होता. आपला श्वास सावकाश चालला आहे, हे तिच्या लक्षात आलं आणि क्षणभर, अगदी क्षणभर, तिला त्याचं बरं वाटलं. जमलं, असं वाटलं. दोन वर्षांपूर्वी, परदेशात कुठंतरी युद्ध सुरू झालं त्या सकाळी, हीच ममता मोबाइल हातात धरून घामानं निथळत उभी होती. गणिताच्या शिकवण्या करून साठवलेले पैसे होते ते. शिकवण्या बंद पडल्या, मुलगी रुपा शिकायला नाशिकला गेली, नवरा भूपेंद्र सुरतेला कापडाच्या मिलमध्ये हिशेबनीस, शनिवारी रात्रीच्या गाडीनं यायचा आणि रविवारी परत. घरात ती आणि सासूबाई. दुपारी शेजारच्या बिल्डिंगमधल्या मिक्सरचे आवाज मोजण्यापेक्षा काहीतरी डोक्याचं करावं म्हणून ती बाजारात शिरली होती. आकडे तिला कधी परके नव्हते. पण त्या सकाळी आकडे पडायला लागले आणि तिचा अंगठा हलेना. विकायचं हे माहीत होतं. कुठं दाबायचं हे माहीत होतं. अंगठा काचेपासून बोटभर अंतरावर थांबला होता आणि जणू तो तिचा नव्हताच. शेवटी तिनं काय केलं, तर मोबाइल ज्वारीच्या डब्यात खोल खुपसला, वर झाकण लावलं आणि मोरीत जाऊन ओकली. दगूबाई मागं येऊन पाठ चोळत राहिल्या. "काय व्हयनं व माय? काय खादं? डॉक्टरकडे चाल ना." बाजार बंद झाल्यावर डबा उघडला तेव्हा निम्म्याहून जास्त पैसे गेले होते. पैशांपेक्षा तिला त्या अंगठ्याचीच लाज जास्त वाटली.

त्यानंतर तिनं बाजाराचा एक ऑनलाइन कोर्स घेतला. इंदूरचे एक सर पडद्यावर यायचे, गोरेपान, बारीक आवाजाचे, कधी न चिडणारे. बाजार तुम्हाला मारत नाही, म्हणायचे, तुमची भीती मारते. ती आली की तिच्याकडे पाहायचं. ती छातीत आहे की पोटात, ते शोधायचं. तिला नाव द्यायचं. मग श्वास सोडायचा आणि तिला जाऊ द्यायचं. ममता अभ्यासू होती. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून बसायची, सहन होईनासं झालं की आणखी थोडं बसायची. पडद्यावर पैशांचा आकडा दिसतो त्या जागी तिनं चिकटपट्टी लावली. तोटा वाढायला लागला की ओठातल्या ओठात म्हणायची: हा आकडा आहे. आकडा चावत नाही. पहिले काही महिने काही झालं नाही. मग एके दिवशी बाजार धाडकन आपटला आणि तिचा अंगठा आपोआप गेला, दाबून परत आला, आणि ती उठून पोळ्या लाटायला लागली. पोळ्या गोल झाल्या. त्या दिवशी तिनं फक्त स्वतःपुरता गुळाचा शिरा केला होता. भीती गेली. पुढं ती आणखी कुठून कुठून जात राहिली. पाल अंगावर पडली तेव्हा तिनं ती केरसुणीनं बाजूला सारली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली तेव्हा आतल्या अंधारात ती शांत उभी राहिली आणि सोबतचे सगळे ओरडत होते. भूपेंद्रची गाडी उशिरा आली की दगूबाई गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या, आत-बाहेर करायच्या, "फोन लाव ना व, फोन लाव ना," आणि ममता म्हणायची, "येतील. आई, गाडी आहे, उशीर होतो." पूर्वी तिच्याही पोटात गोळा यायचा. तो कधी यायचा थांबला, हे काही तिनं लिहून ठेवलं नव्हतं. माणूस मोठा होतो, असंच तिनं मानलं.

दवाखान्यात सगळं भराभर झालं. स्ट्रेचर, डोक्याचा स्कॅन, रक्त. डॉक्टर तरुण होता, बाही दुमडत बाहेर आला. "मेंदूत गुठळी आहे. रक्तस्राव नाही, हे चांगलं. इंजेक्शन देता येईल, पण वेळेत. नेमकं कधी झालं? कुणी पाहिलं का?" "पाहिलं नाही. ऐकलं," ममता म्हणाली. तिनं पर्समधून मोबाइल काढला, अ‍ॅप उघडलं, दोन अर्ध्या सौद्यांच्या वेळा पाहिल्या आणि त्या दोहोंच्या मधली वेळ त्याला सांगितली. डॉक्टरनं भुवया उंचावल्या. "एवढी नेमकी?" "हो." त्यानं ती लिहून घेतली. "वेळ आहे आपल्याकडे. पण ऐका, या इंजेक्शननं शंभरातल्या पाच-सहा जणांना मेंदूत रक्तस्राव होतो. त्यात माणूस दगावूही शकतो. दिलं नाही तर जिवाला तेवढा धोका नाही, पण हात, पाय, बोलणं, हे असंच राहण्याची शक्यता जास्त. घरातल्यांनी ठरवायचं." तिनं भूपेंद्रला फोन लावला. पलीकडे मिलची यंत्रं धडधडत होती. तिनं सगळं सांगितलं, डॉक्टरच्याच शब्दांत, टक्क्यांसकट. मग तो म्हणाला, "मले काही समजत नई, ममता. मन्ही माय शे ती. मी काय सांगू? तू... डॉक्टर काय म्हनतस?" "डॉक्टर म्हणतात तुम्ही ठरवा." "मले नई सांगता येत." त्याचा आवाज फाटला. "ठीक आहे. तुम्ही गाडी पकडा. मी बघते."

आणि तिनं बघितलं. त्या हिरव्या भिंतीच्या खोलीत उभी राहून तिनं एकीकडे पाच-सहा ठेवले, दुसरीकडे उरलेले ठेवले. जाण्याची शक्यता किती, गेलं तर किती जाईल, मिळण्याची शक्यता किती, मिळालं तर काय मिळेल. वय सत्तरीच्या आत. बाकी तब्येत ठणठणीत. द्यायचं. तिनं कागदावर सही केली, आणि ती शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करावी तशी सुबक आली, ममतातला शेवटचा काना सरळ, खाली रेघ. डॉक्टर कागद घेताना म्हणाला, "असे नातेवाईक मिळत नाहीत हो. इथं आम्हाला सही घेईपर्यंत अर्धा तास जातो. तुम्ही मेडिकलमध्ये आहात का?" "नाही," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिला आतून दुसरं एक वाक्य ऐकू आलं, बारीक आवाजात, कधी न चिडणाऱ्या सरांच्या आवाजात: बुडालेल्या पैशाकडे पाहू नका, पुढचा सौदा पाहा. ते वाक्य तिनं मुद्दाम आठवलं नव्हतं. ते तिथंच होतं. इतका वेळ तेच बोलत होतं. हात वर करा म्हणताना, बिनहाताची खुर्ची मागताना, मांडीवर डोकं असताना. बुडालेला पैसा. दरवाजा ढकलून नर्स दगूबाईंना आत नेत होती आणि दगूबाईंचे डोळे वळून वळून दाराकडे, तिच्याकडे येत होते. आणि ममता बाहेरच्या लोखंडी बाकावर बसली ती एकाएकी, कुणीतरी कानाखाली सणसणीत मारावी आणि ती लागलीच नाही हे पाहून हादरावं, तशी. ती स्वतःच्या छातीत शोधायला लागली. छातीत काही नव्हतं. पोटात पाहिलं. घशात पाहिलं. कोर्समध्ये शिकवलं होतं तसंच, जागा जागा तपासत. आत सासूबाई मरत असतील, तिनं मनाशी सांगून पाहिलं. आत आई मरत असतील. वाक्य बरोबर होतं, त्याला अर्थ होता, आणि तो अर्थ फरशीवर सांडलेल्या ताकासारखा तिच्यापाशी येऊन थांबला.

भूपेंद्र संध्याकाळच्या गाडीनं आला. मिलमधला शर्ट, खिशाला पेनाची शाई, एका पायातल्या चपलेचा अंगठा तुटलेला. तो तसाच पाय ओढत जिना चढून आला. काचेतून आईला बघितलं आणि भिंतीला डोकं लावून हमसून हमसून रडला. ममता त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. हात कसा फिरवायचा हे तिला माहीत होतं. "इंजेक्शन लागू पडलंय असं म्हणतायत. पायाचं बोट हललं," तिनं सांगितलं. त्यानं तिचा हात धरला. त्याचा हात थरथरत होता, पकडून ठेवलेल्या कबुतरासारखा गरम आणि थरथरता, आणि तिनं त्या हाताकडे इतक्या निरखून पाहिलं की त्यालाच कसंसं झालं. "काय देखी ऱ्हायनी?" "काही नाही," ती म्हणाली. तिला हेवा वाटत होता. तेवढंच एक तिला त्या दिवशी वाटलं.

पुढचे दिवस कौतुकाचे गेले. गावाहून, रनाळ्याहून, भाऊबंद टेंपो करून आले, वॉर्डाच्या दाराशी चपलांचा ढीग पडला, आणि प्रत्येकाला भूपेंद्र तीच गोष्ट सांगत होता: ममता होती म्हणून. तिनं वेळ सांगितली, तिनं सही केली, तिच्या डोळ्यातून टिपूस नाही. म्हाताऱ्या बायका तिच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडत होत्या. नाशिकहून रुपाचा फोन आला, "मम्मी, तू वाघीण आहेस," आणि ममता म्हणाली, "तू जेवलीस का?" फाल्गुनी रोज डबा आणायची. एके दुपारी डबा ठेवून ती बाकावर टेकली, आवाज खाली आणून म्हणाली, "ममताभाभी, मला पण शिकवा ना. मी तर त्या दिवशी पायच धरू शकत नव्हते. हे मयंक दुकानातून यायला जरा उशीर झाला तरी माझं काळीज धडधडतं. तुमच्यासारखं व्हायचंय मला. पैशाचं नंतर बघू, आधी हे न घाबरणं शिकवा." ममतानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. गोल, साधं, डोळ्यांखाली रडून सुजलेलं तोंड. "नको," ती म्हणाली. "का पण?" "नको म्हणते ना." आवाज चढला होता की काय, फाल्गुनी उठून गेली. डबा तिथंच राहिला, त्यातली कढी थंड झाली.

ती गेल्यावर ममताला रनाळ्याचं शेत आठवलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कापूस वेचताना बोंडाखालच्या ढेकळातून विंचू आला आणि तिच्या अंगठ्याच्या मुळाशी डसला. ती बांधावर बसली, हात खांद्यापर्यंत पेटला होता, पण तिला त्यातलं पहिलं आठवतं ते दुखणं नव्हे. दगूबाई आठवतात. तेव्हा त्यांचे केस काळे होते. त्यांनी विंचू पाहिला, सुनेचा हात पाहिला आणि असा काही टाहो फोडला की पलीकडच्या पपईच्या वावरातली माणसं धावली. त्या अनवाणी गावाकडे पळत सुटल्या, ओटीतला कापूस वाटभर सांडत गेला, आणि गावात पोचल्यावर भीतीनं त्यांना बोलताच येईना. काय झालं, कुणाला झालं, काही सांगता येईना, नुसत्या शेताकडे हात करून थुंकी गिळत होत्या. नंतर कितीतरी वर्षं घरात त्यावरून हसत असत. पोर राहिली तिकडे आणि सासूलाच सलाईन लावायची वेळ आली, असं म्हणून. ममताही हसायची. पण त्या दिवशी, बांधावर पडल्या पडल्या, तो टाहो दूर दूर जाताना ऐकत ती स्वतः अजिबात घाबरली नव्हती. इतकं कुणीतरी आपल्यासाठी घाबरलंय म्हटल्यावर आपण मरणार नाही, असं तिला अगदी पक्कं वाटलं होतं. परक्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्या दिवशी तिला तिथलं असल्यासारखं वाटलं. दगूबाई अशाच. गॅसच्या सिलिंडरला घाबरायच्या, विजेला घाबरायच्या, लिफ्टमध्ये शिरताना ममताचा पदर मुठीत धरायच्या. ममता तो पदर हळूच सोडवून घ्यायची.

एका सकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिनं बाजार उघडला. पैसे कमवायचे म्हणून नव्हे. पडझड झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाजार उलटा उसळला होता आणि अजून पिसाटासारखा वरखाली करत होता. त्यात तिनं मुद्दाम, कुठलाही अंदाज नसताना, एक सौदा टाकला. चिकटपट्टी नखानं खरवडून काढली. खालचा आकडा उघडा पडला. तो लाल झाला, आणखी लाल झाला. ती वाट पाहत राहिली. शेजारी एक मोलगीच्या डोंगराकडची बाई मांडीवर आजारी पोर घेऊन बसली होती, पोराच्या प्रत्येक श्वासाबरोबर तिच्या स्वतःच्या मानेची शीर हलत होती. ममता एकदा त्या शिरेकडे बघे, एकदा आकड्याकडे. काही नाही. तिनं सौदा तोडला आणि गच्चीवर गेली, कठड्यापाशी उभी राहून खाली वाकली. खाली रिक्षा, उसाच्या रसाचा गाडा, सलाईनच्या खोक्यांचा ढीग. पूर्वी दुसऱ्या मजल्यावरून पाहिलं तरी तळपायांना मुंग्या यायच्या. तिनं आणखी वाकून पाहिलं. तळपाय थंडगार, गप्प. मग तिनं रुपाला रस्त्यावर पडलेली पाहायचा प्रयत्न केला, डोळे मिटून, गाडीचा नंबर, रक्त, सगळं मन लावून रंगवलं, आणि रंगवता रंगवता तिच्या लक्षात आलं की रुपाच्या ओढणीचा रंग कुठला असावा याचा आपण विचार करतो आहोत. तिनं डोळे उघडले. कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि ती मागं सरकली, एक-एक पाऊल, आपल्याजवळ उभ्या असलेल्या कुणा अनोळखी बाईपासून सरकावं तशी.

दगूबाईंना आयसीयूमधून बाहेरच्या वॉर्डात आणलं. उजव्या हाताची बोटं मिटायला लागली होती. बोलणं तुटक, जड, पण यायला लागलं होतं. भूपेंद्रला नावानं हाक मारली तेव्हा तो पुन्हा रडला. ममताशी मात्र त्या बोलल्या नव्हत्या. पाणी हवं असलं तर खूण करायच्या. ती पलंगाजवळ आली की डोळे मिटून घ्यायच्या. थकवा असेल, भूपेंद्र म्हणाला. त्या दिवशी डॉक्टरनं तोंडानं भरवायला परवानगी दिली. "ताठ बसवा, हनुवटी खाली ठेवा, छोटे घास. गिळणं अजून कच्चं आहे." भूपेंद्र औषधं आणायला खाली गेला होता. ममतानं पाठीशी उशी लावली, तांदळाची घट्ट पेज वाटीत काढली, फुंकून निववली. पहिला चमचा गेला. दुसरा गेला. तिसरा घास तोंडात असताना दगूबाईंना काहीतरी बोलायचं होतं, त्यांनी मान उचलली, ओठ हलले, आणि घास भलतीकडे गेला.

आवाज आलाच नाही. खोकला आला असता तर गोष्ट वेगळी होती. फक्त दगूबाईंचं तोंड उघडं राहिलं आणि डोळे मोठे झाले, आणि डावा हात हवेत काहीतरी धरायला गेला. चेहऱ्याचा रंग बदलला. ममताच्या हातातली वाटी होती तशीच राहिली. मागं वाकवायचं की पुढं, तिला माहीत होतं, पुढं, पण हात जागचे हलेनात. आतला तो बारीक आवाज काहीतरी म्हणेल म्हणून ती थांबली. तो काहीच म्हणाला नाही. तिथं कुणीच नव्हतं. आणि मग बेंबीपासून काहीतरी सुटलं, काटे असलेलं, गरम, घशाची साल काढत वर आलं आणि तिच्या तोंडातून फुटलं. "आई! आई वं! ओ माय, कोणी या ना! मन्ही माय मरी ऱ्हायनी! या ना कोणी!" वाटी पडली, पेज चादरीवर सांडली, ती दगूबाईंच्या पाठीत दणादण हात मारत होती, बरोबर जागी नव्हे, कुठंही, आणि ओरडत होती, सगळा वॉर्ड उठून बसला होता, दाराशी माणसं जमली होती. नर्स धावत आली, तिला बाजूला ढकलून दगूबाईंना पुढं वाकवलं, पाठीवर दोन-तीन थापा नीट दिल्या. घास बाहेर पडला. मोठ्ठा, खरखरीत श्वास आत गेला. मग खोकला, खूप वेळ खोकला. "झालं हो ताई, झालं," नर्स म्हणाली, "एवढं काय ओरडायचं? पेशंट घाबरतो." चादर बदलून, पेज दुसऱ्या वाटीत काढून देऊन ती गेली. जाताना म्हणाली, "पोटात काही नाही त्यांच्या. पाच मिनिटांनी परत भरवा. सावकाश."

ममता पलंगाच्या कडेला बसली होती आणि तिला बसवत नव्हतं. सबंध अंग हलत होतं. दात एकमेकांवर आपटत होते, बगला भिजल्या होत्या, काळीज कानात वाजत होतं, आणि मागून, फार मागून, एकामागून एक सगळं येत होतं: ताकात बसलेल्या दगूबाई, वाकडं झालेलं तोंड, ती सुबक सही, पाच-सहा जण, रुपाची ओढणी, कठडा. प्रत्येकाची भीती वेगळी आणि प्रत्येक भीती ताजी, आत्ता घडत असल्यासारखी. तिनं तोंडात पदर कोंबला. त्यातूनही आवाज येत राहिला.

दगूबाई तिच्याकडे बघत होत्या. डोळ्यांत खोकल्याचं पाणी होतं. डावा हात त्यांनी उचलला आणि ममताच्या मनगटावर ठेवला, धरलं नाही, नुसता ठेवला.

"त्या दिन," त्या म्हणाल्या. शब्द एकेक करून, दगड उचलल्यासारखे येत होते. "तुन्हा तोंडकडे देखं मी. गाडीमा. मी देखी ऱ्हायनी, देखी ऱ्हायनी... तठे काहीच नव्हतं."

"आई, नका बोलू. घास अडकेल."

"मरेल मानूसकडे लोके असाच देखतस. मले वाटनं, मी मरी गयी. इतला दिन मले तेच वाटी ऱ्हायनं." त्या थांबल्या. उजवीकडचा ओठ अजून ओघळलेलाच होता, त्यामुळे त्या हसल्या की काय ते नीट कळत नव्हतं. "आज समजनं. मी जित्ती शे."

भूपेंद्र औषधांची पिशवी घेऊन दारात येऊन उभा राहिला होता आणि बायकोकडे पाहत होता, तिला कधी पाहिलंच नसल्यासारखा. "काय व्हयनं?" तो विचारत होता. "ममता? काय व्हयनं?"

दगूबाईंनी मनगटावरचा हात काढला आणि वाटीकडे बोट केलं. "भूक लागनी. आखो दे."

परत अडकेल. हनुवटी खाली असली तरी अडकेल, मागच्या वेळी दोन चमचे नीट गेले होते आणि तिसऱ्याला अडकला. पहिल्यालाही अडकू शकतो. नर्स लांब आहे. आपले हात हलणार नाहीत, हलले तर चुकतील. ममतानं डोळे पुसले. पदरानं चमचा पुसला, त्यात पेज घेतली, थोडी परत टाकली, निम्मीच ठेवली. चमचा इतका थरथरत होता की तो वाटीच्या काठावर वाजायला लागला. तो तसाच वाजत असताना तिनं दुसऱ्या हातानं सासूबाईंची हनुवटी खाली केली, आणि घाबरत घाबरत तो त्यांच्या ओठांपाशी नेला.